दप्तर कुठे आहे?

भंडारा जिल्ह्यातल्या आसगावसारख्या गावात पूर्वी सातबारा हवा असला की तलाठ्याला गट क्रमांक सांगावा लागे. तलाठी दप्तरातून नोंद शोधून उतारा लिहून देई. दप्तर कोणत्या कपाटात आहे, हे शेतकऱ्याने जाणण्याची गरज नसे. मागणीची रीत मात्र ठरलेली असे.

संगणकावरच्या साठवणीतही हीच कल्पना आली. १४ मार्च २००६ रोजी अ‍ॅमेझॉनने ‘एस३’ ही सेवा सुरू केली. नवे यंत्र विकत न घेता प्रोग्रॅमने इंटरनेटवरून ठरावीक आज्ञा पाठवायच्या : ‘या नावाची कोठी तयार कर’, ‘ही फाइल ठेव’, ‘ती परत दे’. आज्ञेसोबत गुप्त किल्लीने केलेली सही असते. ती जुळली तरच खाजगी कोठी उघडते. अशा ठरलेल्या आज्ञांच्या संचाला आपण ‘एपीआय’ म्हणतो.

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबाराही घरबसल्या मिळू लागला. दप्तर नजरेआड गेले, पण आकाशात नव्हे. ‘क्लाउड’ म्हणजेही कुठल्यातरी इमारतीतल्या चकत्याच! मग किल्ली कोणाकडे आणि दुसरी प्रत कुठे, हे प्रश्न आपण वर्गात विचारायलाच हवेत. त्यांच्या उत्तरांवर कोणाची तरी जमीन अवलंबून असते.