काडतूस कारखान्याचे की घरचे?

गोळी झाडली की काडतुसातली दारू जळते, ती पेटवणारी टोपी निकामी होते आणि शिसे नळीतून निघून जाते. मागे राहते ती पितळेची पुंगळी, आणि काडतुसात सहसा सर्वांत महाग असते तीच. ती टाकून नवे काडतूस विकत घ्यायचे, की साफ करून, नवी टोपी बसवून घरीच भरायचे? अमेरिकेतले पिस्तूलधारी हा वाद दीडशे वर्षे घालत आले आहेत.

सुरुवातीला तो उद्भवूच शकत नव्हता. स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये आणलेल्या पहिल्या रिव्हॉल्वरच्या काडतुसात स्फोटक द्रव्य पुंगळीच्या काठात असे. घोड्याने काठ एकदा चेपला की पुंगळी कायमची वाया. आजचे .२२ चे काडतूस त्याच वंशातले. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्यात हीच काडतुसे चालतात. त्यामुळे तिथे घरी भरण्याचा प्रश्न येत नाही. कारखान्याची कोणती खेप आपल्या पिस्तुलाला मानवते, एवढेच नेमबाज पारखून घेतात.

१८६६ च्या सुमारास टोपी पुंगळीच्या बुडाशी मधोमध आली. इंग्रज बॉक्सरने टोपीखाली एकच भोक ठेवले, अमेरिकन बर्डनने बाजूला दोन बारीक भोके पाडली. बॉक्सरच्या पुंगळीतून सरळ सळईने जुनी टोपी ढकलून काढता येते, बर्डनच्या पुंगळीत ते जिकिरीचे होते. पुढे अमेरिकेने इंग्रजाची रीत उचलली आणि युरोपात बर्डनची जास्त पसरली. घरी काडतुसे भरण्याची चाल अमेरिकेत इतकी खोल रुजली, त्यात या एका भोकाचा वाटा मोठा आहे.

दुकानापासून कोसभर नव्हे, दोन-तीन दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्या पशुपालकाला आणि शिकाऱ्याला तर दुसरा मार्गच नव्हता. न्यू हेवनच्या जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये सुरू केलेल्या आयडियल कंपनीची पकडीसारखी हत्यारे खोगिराच्या पिशवीत मावत. त्यांतल्या काहींच्या टोकाशी शिसे ओतण्याचा साचाही असे.

विसाव्या शतकात गरजेची जागा ध्यासाने घेतली. एल्मर कीथ (१८९९–१९८४) हा आयडाहोतला गुरेराखा, शिकारी आणि अथक लिहिणारा माणूस. कारखान्यांची रिव्हॉल्वरची काडतुसे त्याला मिळमिळीत वाटत. जादा दारूच्या प्रयोगात त्याच्या .४५ कोल्टची, काडतुसे ठेवायची चक्री फुटली, तेव्हा तो .४४ स्पेशलकडे वळला. भोके जरा लहान, म्हणून चक्रीच्या भिंती जाड, असा त्याचा साधा हिशेब होता. त्याने सपाट नाकाची, धारदार खांद्याची गोळी आखली आणि लायमन कंपनीने तिचा साचा विकायला काढला. असे काडतूस कारखान्यानेच करावे, हा धोशा त्याने मासिकांतून वर्षानुवर्षे लावला.

कारखान्यांना भीती होती ती लोकांच्या घरातल्या जुन्या, कमकुवत रिव्हॉल्वरांची. त्यावरचा तोडगा १९३५ मध्येच सापडला होता. शस्त्रविषयक लेखक फिलिप शार्प यांचे प्रयोग, स्मिथ अँड वेसनचे डग्लस वेसन आणि विंचेस्टर कंपनी यांच्या मेळातून .३५७ मॅग्नम निघाले, तेव्हा पुंगळी मुद्दाम सुमारे अष्टमांश इंच लांब ठेवली, म्हणजे जुन्या .३८ च्या चक्रीत ती बसूच नये. १९५५ च्या अखेरीस स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी हीच युक्ती .४४ मॅग्नमला लावली. कीथने मागितले होते त्याहूनही जोरकस काडतूस त्याच्या हाती आले. आडगावातल्या एका माणसाच्या टेबलावरचे प्रयोग बड्या कंपनीच्या खोक्यात पोचले, ही या इतिहासातली सर्वांत मोलाची घटना म्हणावी लागेल.

त्यानंतर पारडे हळूहळू फिरले. अमेरिकन पोलीस तोवर .३८ मध्ये १५८ ग्रेनची, गोल नाकाची शिशाची गोळी वापरत. इंडियानातल्या शेल्बीविलच्या ली जुरास यांनी १९६३ मध्ये सुपर व्हेल ही कंपनी काढली आणि ११० ग्रेनची, हलकी, वेगवान, पोकळ टोकाची गोळी बाजारात आणली. महागड्या ‘प्रीमियम’ काडतुसांचे युग खरे तर इथून सुरू होते. मोठ्या कंपन्यांनी हा मार्ग धरला आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत सुपर व्हेलला गाशा गुंडाळावा लागला.

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी मारले गेले. एका गुन्हेगाराला लागलेली ९ मिमीची गोळी हृदयापर्यंत पोचण्याआधीच थांबली होती. त्यानंतर एफबीआयने जिलेटिनच्या ठोकळ्यांवर कपडा, काच, प्लायवूड, पत्रा आडवे ठेवून चाचण्या ठरवल्या आणि गोळी किमान १२ इंच शिरली पाहिजे असा दंडक घातला. एवढ्या चाचण्यांना पुरून उरणारी गोळी घडवणे ही मोठ्या कारखान्याची आणि प्रयोगशाळेची कामगिरी होती.

मासाद अयुब यांच्यासारख्या लेखकांनी आणखी एक मुद्दा लावून धरला, तो कोर्टाचा. गोळी किती अंतरावरून सुटली हे कपड्यावरच्या दारूच्या खुणांवरून ठरते. कारखान्याच्या काडतुसाचा तसाच नमुना पुन्हा झाडून पाहता येतो, पण घरच्या काडतुसात किती दारू होती याची साक्ष आरोपीच्या वहीखेरीज कोण देणार? स्वसंरक्षणापुरता हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे.

सरावाचे आणि स्पर्धेचे गणित वेगळे. १९७६ मध्ये मिझुरीतल्या कोलंबिया गावी स्थापन झालेल्या आयपीएससी या नेमबाजी संघटनेच्या स्पर्धांत गोळीचे वजन आणि वेग यांच्या गुणाकाराची किमान मर्यादा असते. त्या मर्यादेच्या जेमतेम वर राहील आणि आपल्याच पिस्तुलात नेमके चालेल असे काडतूस खेळाडू घरी भरतो. जोखीमही त्याचीच. झटपट जळणाऱ्या दारूची मात्रा पुंगळीत इतकी थोडी जागा घेते की चुकून दोनदा पडली तरी ती मावते आणि पिस्तूल फुटू शकते. म्हणून जाणकार गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिव्याखाली डोकावतो.

२०२० मध्ये अमेरिकेत काडतुसांची टंचाई झाली आणि दुकानांतल्या फळ्या रिकाम्या पडल्या. घरी भरणारेही त्यातून सुटले नाहीत, कारण टोप्या बनवणारे कारखाने मोजकेच आहेत आणि त्यांनी त्या आधी स्वतःच्या काडतुसांत घातल्या.