मुक्या 'जीएच'ची साक्ष : स्पेलिंग हे ऐतिहासिक साधन कसे ठरते?

१/ नाइट (रात्र), एट (आठ), लाइट (प्रकाश), डॉटर (मुलगी), थॉट (विचार). या पाचही इंग्रजी शब्दांच्या स्पेलिंगमध्ये 'जी' आणि 'एच' ही अक्षरे शेजारी-शेजारी बसली आहेत आणि पाचही ठिकाणी ती मुकी आहेत. सहावीत असताना 'डॉटर'मधले 'जीएच' विसरलो म्हणून मला तो शब्द पन्नास वेळा लिहावा लागला होता. ती अक्षरे तिथे का आहेत, हे मात्र कोणी सांगितले नाही. आजचा धागा त्या प्रश्नासाठी.

२/ थोडक्यात उत्तर असे : ही अक्षरे एके काळी मुकी नव्हती. सुमारे इ.स. ११०० पूर्वीच्या इंग्रजीत रात्रीला 'निख्त' आणि मुलीला 'दोख्तोर' असे काहीसे म्हणत. हा 'ख' आपल्या 'खडू'तला नव्हे. 'खबर' या शब्दाच्या मूळ अरबी उच्चारातला, घशाशी घासून येणारा. इंग्रजीची नातलग असलेल्या जर्मन भाषेत तो आजही जिवंत आहे : रात्र म्हणजे 'नाख्ट', मुलगी म्हणजे 'टोख्टर'.

३/ प्राचीन इंग्रजीत हा ध्वनी नुसत्या 'एच'ने लिहीत. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. पुढील शतकांत फ्रेंच वळणाने शिकलेल्या लेखनिकांच्या हातून इंग्रजीची लेखनपद्धती बदलत गेली आणि या ध्वनीसाठी 'जीएच' ही जोडी रूढ झाली. म्हणजे प्रारंभी हे स्पेलिंग उच्चाराशी प्रामाणिकच होते.

४/ पुढे साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकांत लंडन आणि दक्षिण इंग्लंडमधून हा ध्वनी नाहीसा झाला. काही शब्दांत तो पूर्ण लोपला, तर काहींत त्याचा 'फ' झाला : लाफ (हसणे), रफ (खडबडीत), इनफ (पुरेसे). स्कॉटलंडच्या बोलीत मात्र रात्रीला आजही 'निख्त' म्हणतात.

५/ याच संक्रमणकाळात, १४७६ मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधील पहिला छापखाना सुरू केला. छपाईमुळे शब्दांची रूपे हळूहळू स्थिर होत गेली. उच्चार मात्र बदलतच राहिला. आपण आज पाठ करतो ती बरीचशी स्पेलिंगे त्या जुन्या उच्चाराची नोंद आहेत.

६/ ही नोंद किती मागे नेते पाहा. 'एट' आणि संस्कृत 'अष्ट' हे सगोत्र शब्द, लॅटिनमध्ये 'ऑक्टो'. 'नाइट'चे सगोत्र 'नक्तम्', ज्यावरून 'नक्तंचर' म्हणजे निशाचर. 'डॉटर'ची सगोत्र 'दुहिता'. इंग्रजीत जिथे मुके 'जीएच' उरले आहे, तिथे संस्कृतात ष, क, ह असे व्यंजन ठळकपणे उभे आहे.

७/ 'लाइट'ची गोष्ट आणखी मजेदार. या एकाच स्पेलिंगमागे मुळात दोन वेगळे शब्द आहेत. 'प्रकाश' या अर्थाचा शब्द संस्कृत 'रुच्' (प्रकाशणे) या धातूचा नातलग. 'हलका' या अर्थाचा शब्द 'लघु'चा नातलग. आणि या 'लघु'चेच प्राकृतात 'लहु', मग वर्णविपर्यासाने 'हलु' आणि मराठीत 'हळू' झाले!

८/ येथे एक सावधगिरी. "डॉटर हा शब्द दुहितावरून आला" असे संदेश आपल्याकडे सर्रास फिरतात. ते चूक आहे. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी मांडले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका समान, कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या भाषेतून उगम पावल्या असाव्यात. त्याच कुलात इंग्रजीही येते. या भाषांचे नाते मायलेकींचे नाही, बहिणींचे आहे.

९/ आणि साधन खोटेही बोलते. 'डिलाइट' (आनंद) हा शब्द फ्रेंचमधून आला. त्यात हा घशातला ध्वनी कधीच नव्हता. सोळाव्या शतकात 'लाइट'च्या अनुकरणाने त्यात 'जीएच' घुसले. 'घोस्ट' (भूत) मधला 'एच'ही असाच उपरा. कॅक्स्टनने फ्लेमिश भाषेच्या प्रदेशात अनेक वर्षे काढली होती. तिथल्या लेखनपद्धतीच्या प्रभावाने तो आला, असे अभ्यासक सामान्यतः मानतात.

१०/ म्हणून एखादे स्पेलिंग ताम्रपटासारखे वाचावे. त्यावर काय कोरले आहे एवढेच पाहून भागत नाही. ते कोणी, केव्हा आणि कशाच्या प्रभावाखाली कोरले हेही तपासावे लागते. सगोत्र भाषांची साक्ष जुळली तरच तो पुरावा ग्राह्य. इतिहासात यालाच आपण साधनचिकित्सा म्हणतो.

११/ इंग्रजीला हसण्यापूर्वी एकदा घरात पाहू. जुन्या मराठी पुस्तकांत 'दांत', 'पांच', 'गांव' असे अनुस्वार दिसतात. तेही मुकेच होते. पण 'दांत'वरचा बिंदू 'दन्त'मधल्या न्-ची, 'पांच'वरचा 'पञ्च'मधल्या ञ्-ची आणि 'गांव'वरचा 'ग्राम'मधल्या म्-ची आठवण जपत होता.

१२/ १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी, व्युत्पत्तीने सिद्ध होणारे असोत वा नसोत, असे अनुच्चारित अनुस्वार लिहू नयेत असे ठरवले. लिहिणाऱ्याचे ओझे त्यामुळे खरोखर हलके झाले. 'दात' लिहिताना आज कोणाला अडखळावे लागत नाही. पण त्या बिंदूंतला इतिहास आता फक्त जुन्या पानांवर उरला. इंग्रजीने पुरावा जपला आणि त्याची किंमत मुलांकडून वसूल केली. आपण मुलांना सोडवले आणि पुरावा पुसला.

१३/ मला आपला निर्णय योग्य वाटतो. लेखन प्रथम लिहिणाऱ्यासाठी असते, संशोधकासाठी नंतर. परंतु पुसलेले काय होते हे माहीत असणे, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याची जबाबदारी आहे. जुन्या ग्रंथात 'दांत' दिसला तर तो मुद्रणदोष समजू नका. आणि घरातले एखादे मूल 'डॉटर'पाशी अडले, तर पन्नास वेळा लिहायला लावण्याआधी त्याला ही गोष्ट एकदा सांगून पाहा.

(समाप्त)