मातृशोक, सूड आणि कायदा : ‘कोकुहाकु’ या जपानी मानसशास्त्रीय थरारकथेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

अपत्याच्या मृत्यूने आईला होणारा शोक हा मानवी जीवनातील अत्यंत पुरातन अनुभव होय. त्या शोकातून उद्‌भवणाऱ्या सूडभावनेचा साहित्यातील आविष्कारही तितकाच जुना आहे. ग्रीक नाटककार युरिपिडीसची हेक्युबा आपल्या पुत्राचा विश्वासघाताने वध करणाऱ्या राजाला आंधळे करते. महाभारताच्या स्त्रीपर्वात शंभर पुत्र गमावलेली गांधारी श्रीकृष्णाला कुलनाशाचा शाप देते. या दोघींसमोर आधुनिक अर्थाने न्यायालय उभे नव्हते. गुन्ह्याचा तपास, आरोपीचे वय, शिक्षेची मर्यादा या संकल्पना त्यांच्या शोकाच्या आड येत नव्हत्या. आधुनिक काळातील आईचा शोक मात्र कायद्याच्या चौकटीत सापडलेला असतो. गुन्हेगार कोण हे तिला ठाऊक आहे, परंतु कायदा त्याला शिक्षा करू शकत नाही, या पेचातून मातृसूडाची आधुनिक मानसशास्त्रीय थरारकथा जन्माला आली आहे.

या प्रकारातील एक महत्त्वाची कलाकृती म्हणून मिनातो कानाए या लेखिकेच्या ‘कोकुहाकु’ (अर्थ : कबुलीजबाब) या जपानी कादंबरीचा आणि तिच्यावर आधारित चित्रपटाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. कादंबरी इ. स. २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. इ. स. २००९ मध्ये तिला जपानमधील पुस्तकविक्रेत्यांच्या मतदानाने दिला जाणारा ‘होन्या ताइशो’ हा पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक नाकाशिमा तेत्सुया यांचा चित्रपट इ. स. २०१० मध्ये प्रदर्शित झाला आणि पुढील वर्षी जपान अकादमीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्याला लाभला. विवेचनाच्या सोयीसाठी कथेचा शेवटही येथे सांगावा लागला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) ‘कोकुहाकु’मधील मातृसूडाचे स्वरूप समजून घेणे.
२) जपानमधील सूडाची परंपरा व बालगुन्हेगारीविषयक कायदे यांच्या इतिहासात या कथेचे स्थान शोधणे.
३) कथेतील कायद्याचे चित्र व प्रत्यक्ष कायदा यांतील अंतर तपासणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

कथानकाचे स्वरूप :

माध्यमिक शाळेतील पहिल्या वर्षाच्या वर्गात सत्राचा शेवटचा दिवस आहे. मुले दूध पीत आहेत. वर्गशिक्षिका मोरिगुची युको शांत स्वरात निरोपाचे बोलू लागते. तिची चार वर्षांची मुलगी मानामी शाळेच्या पोहण्याच्या तलावात मृतावस्थेत सापडली होती आणि तो अपघात मानला गेला होता. तो अपघात नसून याच वर्गातील दोन मुलांनी केलेला खून आहे, असे ती सांगते. मुले चौदा वर्षांखालील असल्यामुळे कायदा त्यांना शिक्षा करणार नाही, म्हणून आपण पोलिसांकडे जाणार नाही, हेही ती स्पष्ट करते. त्यानंतर, त्या दोघांच्या दुधात मानामीच्या एचआयव्हीबाधित वडिलांचे रक्त आपण मिसळले आहे, असे ती जाहीर करते. संपूर्ण निवेदनात तिचा आवाज चढत नाही. चित्रपटात ही भूमिका मात्सु ताकाको या अभिनेत्रीने केली आहे.

पुढील प्रकरणांत निवेदक बदलत जातात. वर्गातील एक मुलगी, नाओकी या अपराधी मुलाची आई, स्वतः नाओकी आणि दुसरा अपराधी शुया हे सारे आपापली बाजू मांडतात. नाओकी भयाने घराबाहेर पडणे सोडतो आणि अखेर त्याच्या हातून स्वतःच्या आईची हत्या होते. लहानपणी आईने सोडून दिलेल्या शुयाची सारी धडपड त्या संशोधक आईचे लक्ष वेधून घेण्यासाठी असते. त्याने शाळेत पेरलेले स्फोटक आपण त्याच्या आईच्या प्रयोगशाळेत नेऊन ठेवल्याचे शेवटी मोरिगुची त्याला सांगते. कळ मात्र त्यानेच दाबलेली असते.

दुधातील रक्त मुलांच्या पोटात गेलेच नव्हते, मानामीच्या वडिलांनीच ते रोखले होते, हे नंतर उघड होते. म्हणजे नाओकीला उद्ध्वस्त करणारी गोष्ट विषाणू नव्हे, तर विषाणूची कल्पना होय. येथे शस्त्र शरीरावर चालत नाही, मनावर चालते. म्हणूनच या कथेला मानसशास्त्रीय थरारकथा म्हणणे योग्य ठरते. एचआयव्हीबाधित व्यक्तींविषयीच्या भीतीचा कथेने साधन म्हणून उपयोग केला आहे, ही तिची मर्यादाही नोंदविली पाहिजे. अन्नपाण्यातून या विषाणूचा संसर्ग होत नाही, हे वाचकाने विसरता कामा नये.

जपानमधील सूडाची परंपरा आणि आई :

एदो काळात (१६०३-१८६८) ‘कताकिउची’ म्हणजे आप्ताच्या वधाचा सूड घेण्याची प्रथा विशिष्ट अटींवर मान्य होती. सामुराई वर्गातील व्यक्तीने वरिष्ठांची अनुमती घ्यावी, शासनदप्तरी नोंद करावी आणि मग मारेकऱ्याचा शोध घ्यावा, अशी रीत होती. मात्र हा सूड पिता, ज्येष्ठ बंधू अशा वडीलधाऱ्या आप्तांसाठीच मान्य होता. मुलासाठी आईवडिलांनी किंवा धाकट्या भावासाठी थोरल्याने सूड घेणे या चौकटीत बसत नव्हते. सूड हे कनिष्ठाचे वरिष्ठाप्रती असलेले कर्तव्य मानले जाई. त्यामुळे अपत्य गमावलेल्या आईला या व्यवस्थेत स्थान नव्हते. मेइजी शासनाने इ. स. १८७३ मध्ये ही प्रथाच बंद केली आणि शिक्षेचा अधिकार पूर्णपणे राज्यसंस्थेकडे गेला.

मग आईच्या शोकाला जपानी परंपरेने कोणते रूप दिले? पंधराव्या शतकातील कान्झे मोतोमासाच्या ‘सुमिदागावा’ या नो-नाट्यात याचे उत्तर मिळते. पळवून नेलेल्या मुलाच्या शोधात भ्रमिष्ट होऊन भटकणारी आई सुमिदा नदीकाठी येते आणि तेथे तिला मुलाची समाधीच आढळते. ती मारेकऱ्याचा शोध घेत नाही, नामजप करते. तिच्या वाट्याला वेड आणि प्रार्थना या दोनच गोष्टी येतात. मोरिगुची ही या आईची आधुनिक वारसदार आहे, परंतु ती वेडी होत नाही आणि प्रार्थनाही करीत नाही. परंपरेने जे आईला कधीच दिले नव्हते ते ती स्वतः घेते. या कथेची ऐतिहासिक नवता येथे आहे.

बालगुन्हेगारी आणि कायद्यातील बदल :

इ. स. १९०७ च्या जपानी दंडसंहितेनुसार चौदा वर्षांखालील व्यक्तीचे कृत्य दंडनीय नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इ. स. १९४८ मध्ये झालेल्या बालकायद्याने मुलांच्या शिक्षेऐवजी सुधारणेवर भर दिला. सोळा वर्षांखालील मुलावर फौजदारी खटला चालविता येत नसे. युद्धोत्तर दारिद्र्य आणि अनाथ मुलांचे प्रश्न लक्षात घेता हे धोरण मानवतावादी होते.

इ. स. १९९७ मध्ये कोबे शहरात चौदा वर्षांच्या मुलाने दोन लहान मुलांची हत्या केली आणि या धोरणावर देशव्यापी वाद सुरू झाला. इ. स. २००० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन फौजदारी खटल्यासाठीची वयोमर्यादा सोळावरून चौदावर आली. इ. स. २००३ मध्ये नागासाकी येथे बारा वर्षांच्या मुलाने चार वर्षांच्या बालकाचा जीव घेतला. इ. स. २००४ मध्ये सासेबो येथे अकरा वर्षांच्या मुलीने वर्गमैत्रिणीची शाळेतच हत्या केली. या घटनांनंतर इ. स. २००७ मध्ये आणखी एक दुरुस्ती होऊन सुमारे बारा वर्षांपासूनच्या मुलांना बालसुधारगृहात पाठविण्याची तरतूद झाली.

याच काळात पीडितांच्या कुटुंबीयांची चळवळ उभी राहिली. गोपनीयतेच्या नियमांमुळे आपल्या मुलाचे शेवटी काय झाले हे आईवडिलांनाही अधिकृतपणे कळत नसे. बाल न्यायप्रक्रियेत गुन्हेगार मुलाच्या भवितव्याचा विचार होई, परंतु मृत मुलाच्या आईला बसायला जागा नसे. इ. स. २००४ मध्ये गुन्हेपीडितांसाठी मूलभूत कायदा संमत झाला आणि इ. स. २००८ मधील दुरुस्तीने गंभीर प्रकरणांत पीडितांच्या कुटुंबीयांना बाल न्यायालयातील सुनावणीस उपस्थित राहण्याची मुभा मिळाली. ‘कोकुहाकु’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. कादंबरीची सुरुवात पाहिली तर, जे बोलण्याची संधी न्यायालयाने आईला दिली नाही तेच ती वर्गात उभी राहून बोलते आहे, असे दिसते.

कथेतील कायदा व प्रत्यक्ष कायदा :

कायदा काहीच करणार नाही, हे मोरिगुचीचे गृहीतक संपूर्णतः खरे नाही. चौदा वर्षांखालील मुलाला शिक्षा होत नसली तरी बालमार्गदर्शन केंद्र आणि कौटुंबिक न्यायालय यांची प्रक्रिया असतेच. इ. स. २००७ नंतर बालसुधारगृहाचाही मार्ग खुला झाला होता. शिवाय एकविसाव्या शतकाच्या आरंभानंतर जपानमधील बालगुन्ह्यांची संख्या सातत्याने घटत गेली. समाजात भीती वाढत असताना गुन्हे मात्र कमी होत होते. थरारकथा ही आकडेवारीवर उभी राहत नाही, ती एखाद्या असह्य प्रकरणावर उभी राहते. म्हणून अशा कथेचा पुरावा म्हणून उपयोग करताना अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. ती गुन्ह्यांचा इतिहास सांगत नाही. गुन्ह्यांविषयीच्या भावनेचा इतिहास सांगते.

तरीही मोरिगुचीचा प्रश्न निकालात निघत नाही. प्रक्रिया असणे आणि त्या प्रक्रियेत शोकाला स्थान असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तिची मागणी केवळ शिक्षेची नाही. आपण काय हिरावून घेतले हे त्या मुलांना कळावे, ही तिची खरी मागणी आहे.

हारिती आणि मोरिगुची :

या ठिकाणी महाराष्ट्राला परिचित असलेल्या एका बौद्ध कथेचे स्मरण होते. अजिंठ्याच्या लेणे क्रमांक २ मध्ये उजवीकडील उपगर्भगृहात हारिती आणि पांचिक यांच्या भव्य मूर्ती आहेत. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील हे शिल्प अनेक पर्यटक घाईने ओलांडून जातात. पाचशे पुत्रांची माता असलेली ही यक्षिणी राजगृहातील लोकांची मुले पळवून खात असे. बुद्धांनी तिचा सर्वांत धाकटा मुलगा भिक्षापात्राखाली लपविला. ती सैरभैर होऊन शोधत बुद्धांकडे आली. पाचशेंपैकी एक हरवला तर तुझी ही अवस्था, मग ज्यांना एकच अपत्य आहे त्यांचे काय होत असेल, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी केला. हारितीला उमज पडली आणि ती बालकांची रक्षणकर्ती झाली. हीच देवता जपानमध्ये ‘किशिमोजिन’ या नावाने पूजली जाते. तोक्योतील झोशिगाया येथे तिचे प्रसिद्ध मंदिर आहे.

बुद्ध आणि मोरिगुची यांची पद्धत एकच आहे. ज्याने दुसऱ्याचे प्रियजन हिरावले त्याला स्वतःच्या प्रियजनाच्या वियोगातून जाऊ द्यावे, म्हणजे त्याला दुसऱ्याचे दुःख कळेल. शुयाला त्याची आई गमवायला लावताना मोरिगुची हाच धडा देते. फरक एवढाच की बुद्धांनी मूल लपविले होते, ते परत दिले. मोरिगुचीकडे परत देण्यासारखे काही उरलेले नाही. शिकलेला धडा आचरणात आणण्यासाठी शिकणाऱ्याजवळ काहीतरी शिल्लक राहावे लागते. हारितीजवळ तिची पाचशे मुले होती; शुयाजवळ कोणीच उरत नाही. शिक्षण आणि सूड यांच्यातील सीमारेषा हीच होय. अध्यापनाच्या व्यवसायात असणाऱ्या प्रत्येकाने या सीमारेषेचा विचार करावा, असे मला वाटते. कारण मोरिगुची हे सारे शिक्षिकेच्या भाषेतच बोलते.

तुलनात्मक दृष्टिक्षेप :

मातृसूडाचा हा प्रवाह जपानपुरता मर्यादित नाही. पार्क चान-वूक यांच्या ‘लेडी व्हेन्जन्स’ (२००५) या कोरियन चित्रपटात मृत बालकांचे आईवडील एकत्र बसून मारेकऱ्याचे काय करायचे ते ठरवितात. रवी उद्यावर दिग्दर्शित ‘मॉम’ (२०१७) या हिंदी चित्रपटात श्रीदेवी यांनी साकारलेली देवकी जीवशास्त्राची शिक्षिका आहे आणि मुलीवर अत्याचार करणारे न्यायालयातून सुटल्यावर ती सूडाला प्रवृत्त होते. भारतातही इ. स. २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर बालन्याय कायद्यावर वाद झाला आणि इ. स. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयोगटातील मुलांवर निर्घृण गुन्ह्यांसाठी प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याची वाट खुली केली. कायद्याविषयीचा असंतोष आणि मातृसूडाच्या कथा या देशांत निकटच्या काळात आढळतात, ही बाब लक्षणीय आहे.

निष्कर्ष :

१) ‘कोकुहाकु’तील सूड परंपरेतून आलेला नाही. जपानी परंपरेने अपत्यासाठी सूड घेण्याचा अधिकार मान्य केला नव्हता. हा सूड आधुनिक न्यायव्यवस्थेतील पीडितांच्या मौनातून निर्माण झाला आहे.
२) कथेतील कायद्याचे चित्र अपुरे आहे, परंतु आईच्या शोकाला न्यायप्रक्रियेत स्थान नसल्याची तिची तक्रार इतिहासाशी सुसंगत आहे.
३) शिक्षेची वयोमर्यादा खाली आणल्याने या शोकाचे समाधान होते, असे ही कथा दाखवीत नाही. सूड पूर्ण झाल्यावरही मानामी परत येत नाही आणि आणखी दोन घरांत मृत्यू प्रवेश करतो.

अजिंठ्यातील हारितीच्या मांडीवर मूल आहे. मोरिगुचीची मांडी रिकामी आहे. बालन्यायाचा विचार करणाऱ्या समाजाला अपराधी मुलाचे भवितव्य आणि ती रिकामी मांडी या दोहोंकडे एकाच वेळी पाहता आले पाहिजे. एकीकडे पाठ फिरवली की थरारकथेला विषय मिळतो.