पायथनमधलं भविष्य, जे आलंच नाही

लाखनीच्या आमच्या घरी आजोबांचं एक पोस्टकार्ड आहे. त्यात लिहिलंय, ‘अिकडे सर्व ठीक.’ इ नाही, अ ला वेलांटी. लहानपणी वाटायचं, आजोबांचं शुद्धलेखन कच्चं. नंतर कळलं की वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीची पुस्तकं अशीच छापली जायची, आणि मराठीत सावरकरांनीही हीच अ ची बाराखडी मांडली होती. ज्याला पटलं त्यानं वापरली. शाळेत आम्ही मात्र इ च गिरवला.

असा ऐच्छिक प्रयोग प्रोग्रामिंगच्या भाषेत कसा करतात?

साल २००१, पायथन २.१. आतल्या फंक्शनला बाहेरच्या फंक्शनचे व्हेरिएबल दिसावेत, असं ठरलं होतं. पण त्यामुळे नीट चालणारा जुना कोड गुपचूप वेगळं उत्तर देऊ शकत होता. टिम पीटर्स यांनी तोडगा मांडला: ज्याला नवं वागणं हवं, त्यानं फाइलच्या वरच लिहायचं, ‘फ्रॉम फ्यूचर इम्पोर्ट’ आणि पुढे त्या फीचरचं नाव. बदल त्या एका फाइलपुरता, शेजारच्या फाइलला धक्का नाही. वरच का? कारण पुढच्या ओळींचा अर्थ लावण्याआधी कंपायलरला हे कळायला हवं.

शिवाय प्रत्येक फीचरपुढे दोन नोंदी: कोणत्या आवृत्तीपासून मिळेल आणि कोणत्या आवृत्तीत सक्तीचं होईल. मला ही दुसरी नोंद फार आवडते. आजोबांच्या अि पुढे अशी तारीख कुणी लिहिलीच नव्हती.

भागाकाराचं उदाहरण घ्या. जुन्या पायथनात ७ भागिले २ म्हणजे ३! आमच्या लॅबमध्ये २.७ होतं, सरासरी काढताना मी अर्धा तास स्वतःच्याच लॉजिकला शिव्या घातल्या. साडेतीन देणारा भागाकार २००१ च्या अखेरीस २.२ मध्ये ऐच्छिक म्हणून आला आणि सक्तीचा झाला डिसेंबर २००८ मध्ये, ३.० ला. सात वर्षं!

(फ्यूचरमधून ब्रेसेस इम्पोर्ट करून बघा एकदा. पायथन तोंडावर सांगतं, शक्यच नाही.)

आता खरी गंमत. २०१८ मध्ये ३.७ सोबत ‘अ‍ॅनोटेशन्स’ हे फीचर आलं. व्हेरिएबलच्या टाइपची माहिती लगेच न तपासता नुसता मजकूर म्हणून ठेवायची. ३.१० मध्ये ते सक्तीचं होणार, असं ठरलं. पण पायडँटिकसारख्या लायब्ररी प्रोग्राम चालू असताना हेच टाइप वाचून डेटा तपासतात. मजकुरातून मूळ टाइप दरवेळी परत मिळतोच असं नाही. एप्रिल २०२१ मध्ये, रिलीज तोंडावर असताना, पायडँटिक आणि फास्टएपीआयवाल्यांनी ओरड केली. स्टीअरिंग कौन्सिलनं सक्ती पुढे ढकलली. शेवटी लॅरी हेस्टिंग्ज यांचा वेगळाच मार्ग निवडला गेला, आणि ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये तो लागू झाला. जुन्या फीचरपुढची सक्तीची नोंद आता कोरी आहे.

काहींना ही नामुष्की वाटली. मला तर उलट वाटतं. माघार घेता आली, कारण तोवर कुणावर जबरदस्ती झालीच नव्हती. फक्त ज्यांनी विश्वासानं ती ओळ लिहिली, त्यांचं काय? त्यांचा कोड अजून चालतो. ३.१३ ची मुदत २०२९ मध्ये संपेल, त्यानंतर कधीतरी ती ओळ बाद होईल.

माझ्या एका प्रोजेक्टमध्ये चाळीसेक फाइल्सच्या वर ती ओळ आहे. अजून काढलेली नाही. आजोबासुद्धा शेवटपर्यंत ‘अिकडे’ असंच लिहीत राहिले.