चिल्लर नाणी

चिल्लर नाणी : व्यवहाराच्या शेवटी उरणारी किरकोळ रक्कम चुकती करण्यासाठी वापरली जाणारी कमी मोलाची नाणी. भारतात आज कायद्याने चालणारे सर्वांत लहान नाणे ५० पैशांचे आहे. दिग्रसच्या (जि. यवतमाळ) बाजारात मात्र ते कुणी देत नाही आणि दिलेच तर कुणी घेत नाही. त्यामुळे तिथली चिल्लर प्रत्यक्षात एक रुपयापासून सुरू होते, आणि हा एक रुपया पाडायला २०१८ सालच्या आकड्यांनुसार रुपयाहून जास्त खर्च येत होता. मग तो पाडावाच कशाला, हा प्रश्न अधूनमधून डोके वर काढतो.

माहितीच्या अधिकारात २०१८ साली बाहेर आलेले आकडे असे : एक रुपयाच्या नाण्याला सरासरी १ रुपया ११ पैसे, दोनच्या नाण्याला १ रुपया २८ पैसे, पाचच्या नाण्याला ३ रुपये ६९ पैसे आणि दहाच्या नाण्याला ५ रुपये ५४ पैसे. म्हणजे तोटा फक्त रुपयात होता, बाकी तिन्ही नाण्यांत सरकार कमावत होते. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा इथल्या चार टाकसाळींत नाणी पडतात आणि रिझर्व्ह बँकेमार्फत ती बाजारात येतात. खर्च आवरण्यासाठी सरकारने रुपयाला कात्री लावली आहेच. स्टेनलेस स्टीलचा रुपया १९९२ साली आला तेव्हा त्याचे वजन ४.८५ ग्रॅम होते. २०११ च्या मालिकेत ते ३.७९ ग्रॅमवर आले आणि २०१९ च्या मालिकेत ३.०९ ग्रॅमवर. व्यास २५ मिलिमीटरवरून २० वर उतरला. आजचा रुपया १९८८ सालच्या आठ आण्यांपेक्षाही लहान दिसतो, तो त्यामुळेच.

पण असा हिशेब कागदी नोटेला शोभतो. नोट मळते, फाटते, वारंवार बदलावी लागते. १९९२ सालचा रुपया किराणा दुकानाच्या गल्ल्यात आजही सापडतो. तीस वर्षे चाललेल्या वस्तूवर अकरा पैसे जास्त गेले, तर त्याला महाग म्हणता येत नाही.

नाणे लहान होत होत नाहीसे होण्याचा अनुभव दिग्रस ज्यात येते त्या वऱ्हाडाला जुना आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि इथे इंग्रजांचा कलदार रुपया चालू लागला, तर पैनगंगेपलीकडच्या हैदराबाद संस्थानात निजामाचा हाली सिक्का चालत राहिला. सात हाली म्हणजे सुमारे सहा कलदार, असा त्यांचा भाव होता. एका कलदार रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली तेव्हा १९४३ पासून भोकाचा पैसा निघाला. तो करगोट्यात ओवता येत असे, ही त्याची जमेची बाजू. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली. नव्या पैशातला ‘नवा’ १९६४ साली गळाला आणि पुढे एक, दोन, तीन, पाच, दहा पैशांची नाणी ॲल्युमिनियमची झाली. शेवटची पावली, म्हणजे २५ पैशांचे नाणे, २००२ साली पडली. पावली आणि तिच्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून रद्द झाली. बाजाराने ती त्याच्या कितीतरी आधीच रद्द केली होती, सरकारने केवळ शिक्का मारला.

आज दिग्रसमध्ये चिल्लरची खरी कसोटी लागते ती एसटीत. महामंडळाने जून २०१८ मध्ये भाडे पाचच्या पटीत नेले. सात रुपयांच्या तिकिटाचे पाच होणार आणि आठचे दहा, असा नियम ठरला आणि वाहकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्के भाडेवाढ झाली आणि भाडे पुन्हा सुट्या रुपयांत गेले. साध्या गाडीच्या पहिल्या टप्प्याला ११ रुपये. प्रवासी वीसची नोट पुढे करतो आणि वाहकाकडे नऊ रुपये सुटे नसतात. मग तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून मिळते, आणि उतरताना ती मागायची आठवण ज्याची त्याने ठेवायची. महामंडळाने यूपीआयने पैसे द्या असे आवाहन केले. ज्याच्या हातात स्मार्टफोन नाही त्याला त्याचा काय उपयोग, हे उघड आहे.

दुसरीकडे चिल्लरची काही जुनी गिऱ्हाइके गेली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनचा गहू दोन रुपये किलो आणि तांदूळ तीन रुपये किलो झाला होता. तेव्हा दर महिन्याला नाणी रेशन दुकानात जात आणि तिथून बाजारात परतत. १ जानेवारी २०२३ पासून ते धान्य फुकट मिळू लागले आणि तो ओघ आटला. काडेपेटीही डिसेंबर २०२१ मध्ये एकाची दोन रुपयांना झाली.

रुपयाची सर्वांत गमतीदार कथा मात्र पीकविम्याची. खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला. कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या दिग्रस तालुक्याला तो महत्त्वाचाच होता. शेतकऱ्याने भरायचा एक रुपया, आणि अर्ज भरून देणाऱ्या सामूहिक सेवा केंद्राला विमा कंपनीने द्यायचे अर्जामागे ४० रुपये. रुपया पाडायला लागणाऱ्या १ रुपया ११ पैशांवरून ओरड करणाऱ्यांनी रुपया गोळा करण्याचा हा खर्चही पाहावा. २०२५ साली ही योजना गुंडाळून पुन्हा टक्क्यांतला हप्ता आला.

पैशांतला हिशेब कागदावर अजून जिवंत आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आणि पाच रुपयांच्या पुड्याची किंमत ४ रुपये ४५ पैसे झाली. उरलेले ५५ पैसे दुकानदाराने कुठून आणायचे? गंमत अशी की, त्याच जीएसटी कायद्याचे कलम १७० कराची रक्कम जवळच्या पूर्ण रुपयात करायला सांगते.

नाणे बाजारात परत येते की नाही, यावर सगळे अवलंबून असते. लग्नसराईत १०१ आणि ५०१ रुपयांच्या आहेराची पाकिटे खपतात, त्यांच्यावर रुपया चिकटवलेलाच असतो. तो सोलून काढला की देव्हाऱ्यातल्या डबीत जातो. ओटीतला आणि कलशातला रुपयाही तिथेच. टाकसाळीला पुन्हा पाडावा लागतो तो असा अडकून बसलेला रुपया. उलटेही घडते : जानेवारी २०१८ मध्ये गोदामे भरली म्हणून चारही टाकसाळींनी काम थांबवले होते, तेव्हा सुमारे २५० कोटी नाणी पडून होती. नाणी वाटण्यासाठी बँकांना रिझर्व्ह बँक पिशवीमागे पूर्वी २५ रुपये देत असे. सप्टेंबर २०२१ पासून ६५ देते, आणि ग्रामीण व निमशहरी भागात वर आणखी १०.

इतर काही देशांनी हा प्रश्न लहान नाणे पाडणे थांबवून सोडवला. कॅनडाने २०१२ साली शेवटचा सेंट पाडला. अमेरिकेने १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियात आपला शेवटचा पाडला. तिथे एका सेंटला ३.६९ सेंट खर्च येत होता. भारताच्या पाच रुपयांच्या नाण्याचा २०१८ चा आकडाही हाच (रुपयांत), पण तिथे तोटा आणि इथे नफा.

तेव्हा ५० पैशांचे नाणे रीतसर रद्द करावे आणि त्याबरोबर पैशांतल्या छापील किमतीही थांबवाव्यात. रुपया बंद करण्याची वेळ दिग्रससारख्या गावात अजून आलेली नाही. ११ चे तिकीट १० झाले तर एसटीचे नुकसान, १५ झाले तर प्रवाशाचे, आणि ते प्रत्येक फेरीला. नाण्यामागचा अकरा पैशांचा तोटा एकदाच होतो. नवी नाणी पाडण्याआधी साचलेली बाहेर काढणे स्वस्त पडेल. एक आणि दोन रुपयांची नाणी वजनावर घ्यावीत, ग्राहकांनी ती शंभर-शंभरच्या प्लॅस्टिक पिशव्यांतून आणावीत, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना सांगणे आहे. ज्यांच्या घरी डबा भरला आहे त्यांनी तो गावातल्या बँकेच्या शाखेत न्यावा. ५० पैशांची नाणीही तिथे घ्यावीच लागतात.