नाताळातला शनिवार

नाताळ हा आम्हा मराठी माणसांपैकी बहुतेकांचा सण नव्हे. परंतु नाताळची सुट्टी मात्र पिढ्यान्पिढ्या आमची आहे. इंग्रजी अमदानीत वर्षअखेरीस कचेऱ्या व न्यायालये बंद राहत, आणि त्या सवडीचा उपयोग ज्याने त्याने आपापल्या परीने करून घेतला. राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन मुंबईस भरले ते २८ डिसेंबर १८८५ रोजी, आणि पुढेही कित्येक वर्षे ही सभा याच आठवड्यात भरत राहिली. वकीलवर्गास तीच सवड सोयीची होती. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, २८ डिसेंबर १८९५ रोजी, पॅरिसच्या ग्राँ काफेमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून हलती चित्रे दाखविली. चित्रपटाचा आणि नाताळच्या आठवड्याचा संबंध हा असा जन्मापासूनचा आहे.

आमच्या जबलपुरास नाताळाला 'बडा दिन' म्हणतात. रेल्वे, तोफगाडी कारखाना, उच्च न्यायालय, निरनिराळी केंद्रीय कार्यालये यांच्या निमित्ताने नेपियर टाउनात येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांस हा दिवस थंडीतली हक्काची सुट्टी म्हणून प्रिय. सकाळी भंवरतालच्या बागेत ऊन खावे, आणि रात्री घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून एखादा चित्रपट पाहावा, हा आता बहुतेक घरांचा परिपाठ झाला आहे. पूर्वी यासाठी छावणीकडे एम्पायर चित्रगृहात जावे लागे. हे चित्रगृह पुढे प्रसिद्ध नट प्रेमनाथ यांच्याकडे आले, आणि कालांतराने बंदही पडले. आता पडदा घरातच आला आहे. मुले नाताळचे म्हणून जे चित्रपट निवडतात ते अर्थातच इंग्रजी असतात, मग घरातले एखादे वडीलधारे माणूस विचारते, "आपला असा नाताळचा चित्रपट नाहीच का रे?"

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते मोठे विलक्षण आहे. परंतु त्याआधी विलायती चित्रपटांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. नाताळचा चित्रपट म्हणून जो अमेरिकेत सर्वतोमुखी आहे, तो फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' डिसेंबर १९४६ मध्ये न्यूयॉर्कला प्रथम झळकला, तेव्हा त्याने मालकांस फायदा करून दिला नाही. १९७४ मध्ये त्याच्या हक्काचे नूतनीकरण करावयाचे कोठल्याशा दप्तरात राहून गेले. दूरचित्रवाणी केंद्रांना तो जवळजवळ फुकट मिळू लागला, आणि दर नाताळात दाखवून दाखवून त्यांनी तो घराघरातला करून सोडला. कागद वेळेवर पुढे न सरकल्याने लोकांचे भले झाल्याचे असे दुसरे उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही. असो. सांगावयाचे ते इतकेच की, नाताळचा चित्रपट हा चित्रकर्त्याने ठरवून होत नाही. कुटुंबे तो पुन्हा पुन्हा पाहतात, म्हणून तो होतो.

आता मूळ गोष्टीकडे वळू. १९१० साली धुंडिराज गोविंद फाळके चाळीस वर्षांचे होते. त्र्यंबकेश्वरी जन्म, मुंबईस जे. जे. कलाशाळेत व बडोद्यास कलाभवनात शिक्षण, छायाचित्रणाचा व छपाईचा व्यासंग. आमच्या वाचकांस विशेष वाटावे ते हे की, हा गृहस्थ काही काळ आपल्यापैकीच एक होता: पुरातत्त्व खात्यात त्यांनी नोकरी केली, आणि स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडली. पुढे त्यांनी उभारलेला छापखाना भरभराटीस आला, परंतु भागीदारांशी न पटल्याने तेथूनही ते बाहेर पडले. अशा रिकाम्या, उद्विग्न दिवसांत ते गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले आणि तेथे त्यांनी ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. फ्रेंच दिग्दर्शिका अॅलिस गी यांनी १९०६ मध्ये केलेला तो चित्रपट हाच, असे सामान्यतः मानले जाते. पंचवीस दृश्यांत बेथलेहेमपासून पुनरुत्थानापर्यंतची कथा त्यात येते. पडद्यावर ख्रिस्त चालत असता फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली. खेळ संपताच दुसरे तिकीट काढून त्यांनी तो पुन्हा पाहिला. हे सारे त्यांनी स्वतःच १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिले आहे, आणि तो दिवस नाताळातला शनिवार होता असेही नमूद केले आहे.

येथे एक वाद उपस्थित होतो. काही चरित्रकार ही घटना १९११ च्या ईस्टरातली मानतात. त्यांच्या सांगण्याप्रमाणे १४ एप्रिल रोजी फाळके थोरला मुलगा भालचंद्र यास घेऊन प्राण्यांची चित्रे पाहावयास गेले. मुलाने घरी येऊन आईस सांगितले, पण कोणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सर्वांना नेले, तर सणानिमित्त पडद्यावर प्राण्यांऐवजी ख्रिस्त! गोष्ट गोड आहे खरी. आम्ही पंचांगाचा हिशेब करून पाहिला. १९१० चा नाताळ रविवारी पडला. म्हणजे शनिवार येतो तो २४ डिसेंबर किंवा ३१ डिसेंबर. इकडे १४ एप्रिल १९११ हा गुड फ्रायडे, आणि दुसरा दिवस, १५ एप्रिल, हाही शनिवारच! दोन्ही परंपरा शनिवारावर येऊन मिळतात, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. शनिवार पक्का राहिला आणि सण तेवढा बदलला. क्रुसाची कथा ईस्टरास अधिक शोभते हे खरे. परंतु ज्याच्या आयुष्याने त्या दिवशी कूस पालटली, त्याने स्वतः अवघ्या सात वर्षांच्या आत लिहिलेला शब्द बाजूस सारण्याइतके बळ ईस्टरच्या कथेत आहे असे आम्हांस वाटत नाही. आमचे मत नाताळाच्या बाजूस पडते.

तथापि ईस्टरच्या कथेत एक सत्य आहे, आणि ते तारखेहून मोलाचे आहे. चित्रपट पाहावयास सारे घर गेले होते. एका प्रतिभावंताला एकांतात साक्षात्कार झाला, अशी ही हकीकत सांगण्याची चाल पडली आहे. ती अपुरी आहे. फाळके पत्नी सरस्वतीबाईंना तेथे घेऊन गेले, यंत्राची खोली दाखविली, आणि आपणही अशीच राम-कृष्णांची चित्रे काढू असे तिला सांगितले. एका नव्या धंद्याची पहिली मसलत झाली ती पतिपत्नींत, परक्या धर्माच्या सणास दाखविलेल्या खेळाच्या निमित्ताने.

पुढचा इतिहास या मसलतीची साक्ष देतो. चित्रे पाहून पाहून फाळक्यांचे डोळे अधू झाले. उपचारांनी ते सावरले. विम्याच्या पत्रावर कर्ज काढून १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेस गेले आणि विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले. मग घर हेच चित्रशाळा झाले. फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, उन्हात पांढऱ्या चादरी धरून तासन्तास उभे राहणे, आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सरस्वतीबाईंचे काम. 'राजा हरिश्चंद्र' मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, कारण काम करावयास स्त्री मिळेना. रोहिदास मात्र घरचाच, भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन चित्रगृहात तो लोकांसमोर आला. त्या नाताळापासून जेमतेम अडीच वर्षांत! आजही श्रेयनामावलीत एकच नाव ठळक राहते, याचे आम्हांस वाईट वाटते. कचेरीत टिपणी एकाने लिहावी आणि सही दुसऱ्याची व्हावी, हे आम्ही रोज पाहतो. पण इतिहासाने तरी तसे करू नये.

या वंशावळीत पुढे प्रभातचा 'संत तुकाराम' येतो. दामले-फत्तेलाल यांचा हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात लागला तो १२ डिसेंबर १९३६ रोजी, नाताळापूर्वी तेरा दिवस. आणि एकाच चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला. संताचे चरित्र, त्याचा छळ, त्याची करुणा, आणि शेवटी स्वर्गारोहण: ही बांधणी पाहिली म्हणजे गिरगावातल्या त्या ख्रिस्तचरित्राची आठवण झाल्यावाचून राहत नाही. विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवरची शांती पाहून व्हेनिसच्या चित्रमहोत्सवातले परकीय प्रेक्षकही भारावले, आणि १९३७ मध्ये तेथे या चित्रपटाचा गौरव झाला. नेपियर टाउनातल्या वडीलधाऱ्यांस आम्ही हा चित्रपट निःशंकपणे सुचवू.

परंतु मुलांसाठी आमची निवड वेगळी आहे. फाळक्यांचा 'कालिया मर्दन' १९१९ चा. सुदैवाने त्याचा मोठा भाग शिल्लक राहिला असून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने तो जतन केला आहे. त्यात बाळकृष्ण झाली आहे फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्यापूर्वी ती कॅमेऱ्यासमोर बसून एकामागून एक भाव मुद्रेवर आणून दाखविते: हसू, राग, आश्चर्य. मग वेश बदलून ती खोड्या काढू लागते आणि शेवटी यमुनेच्या डोहात उडी घेते. चित्र मुके असल्याने मराठी, हिंदी, इंग्रजी अशा कोणत्याही भाषेत वाढलेल्या मुलास ते सारखेच कळते.