हक्क आणि मैदान : कॅरोल हचिन्स यांची कारकीर्द

कामगार चळवळीतला माणूस आज एका खेळाच्या शिक्षिकेविषयी बोलणार, याचे काहींना नवल वाटेल. परंतु जेवणाचा भत्ता, प्रवासाची सोय आणि समान श्रमाला समान वागणूक हे जर कामगारांचे प्रश्न असतील, तर ही कारकीर्द माझ्याच विषयात मोडते.

सॉफ्टबॉल हा खेळ १८८७ साली शिकागो शहरात जन्मला. बेसबॉलचाच हा धाकटा भाऊ. मैदान लहान, चेंडू मोठा, आणि तो खांद्याखालून हात फिरवून टाकावयाचा. अमेरिकेतील मुलींनी हा खेळ आपलासा केला; पण त्यांच्यासाठी पैसा काढण्याची घाई कॉलेजांनी केली नाही. २३ जून १९७२ रोजी शिक्षणविषयक कायद्यातील नववे प्रकरण अमलात आले. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री व पुरुष असा भेद करावयाचा नाही, हे त्याचे सार. पण कायदा कागदावर असतो. तो मैदानावर कोणी आणावयाचा?

हचिन्सबाई मिशिगन राज्यातील लॅन्सिंगच्या. मिशिगन स्टेट विद्यापीठात त्या बास्केटबॉल व सॉफ्टबॉल असे दोन्ही खेळ खेळत. १९७६ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणाऱ्या सॉफ्टबॉल संघात त्या होत्या. तरीही बास्केटबॉलच्या मुलींना प्रवास, मुक्काम व जेवणखर्च यांत मुलांच्या मानाने डावे माप मिळे. १९७९ साली या मुलींनी आपल्याच विद्यापीठावर फिर्याद लावली, आणि फिर्यादीच्या शिरोभागी हचिन्स हे नाव होते. ज्या घरचे अन्न खावयाचे त्याच घराशी भांडावयाचे, याला काय लागते ते संपात उतरलेल्या माणसाला सांगावयास नको.

पुढे १९८२ साली फेरिस स्टेट येथे त्या प्रशिक्षिका झाल्या, आणि १९८५ पासून मिशिगन विद्यापीठाच्या संघाच्या मुख्य प्रशिक्षिका. तेथे वसंत ऋतूतही थंडी हटत नाही. हंगामाचे पहिले सामने दूर ऊबदार मुलखात जाऊन खेळावे लागतात. कॅलिफोर्निया, ॲरिझोना येथील संघ वर्षभर उन्हात सराव करणार, आणि यांचा सराव छपराखाली! तरी २००५ साली अंतिम फेरीत कॅलिफोर्नियाच्या यूसीएलए संघाशी पहिला सामना हरून त्यांनी दुसरा जिंकला. आणि तिसरा, नेहमीचे सात डाव पुरे न पडता, दहाव्या डावात ४–१ असा जिंकला. १९८२ पासून चालू असलेल्या एनसीएएच्या या स्पर्धेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील संघाने मिळविलेले हे पहिले अजिंक्यपद.

२०२२ साली त्या निवृत्त झाल्या. मिशिगनमध्ये अडतीस हंगाम. विजयांपेक्षा पराभव अधिक, असा त्यांतला एकही नाही. एकूण विजय १,७०७. तोवर एनसीएएच्या सॉफ्टबॉलमध्ये कोणाही प्रशिक्षकाला एवढे मिळाले नव्हते.

आता एक कडू गोष्ट सांगतो. १९७२ साली मुलींच्या कॉलेजसंघांच्या प्रशिक्षकांत शेकडा नव्वदांहून अधिक स्त्रिया होत्या. पुढे ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आले. काम बिनपैशाचे होते तोवर ते बायकांचे. पगार आला, मान आला, की पुरुषांचे! हक्क एकदा मिळविला म्हणजे काम संपले, असे मानणाऱ्या प्रत्येक चळवळीने हे ध्यानात ठेवावे. फिर्याद एका वर्षाची असते. मैदान राखण्याला अडतीस वर्षे लागतात.